सतरा नंबरचा पाना

दसऱ्याला आमच्या बिल्डिंगमध्ये सगळ्यांत आधी सजायची ती सेक्रेटरींची मोटार. वर्षातले अकरा महिने ती ताडपत्रीखाली असायची आणि तिची बॅटरी कायम उतरलेली. तरी त्या दिवशी तिला झेंडूचा एवढा जाड हार पडायचा की समोरची काच दिसू नये. मग सेक्रेटरी कोट घालून खाली येत, चाकाखाली लिंबू ठेवलं जाई, आणि चार जणांनी ढकलत मोटार लिंबावरून पुढे नेली की टाळ्या वाजत. ढकलणाऱ्यांत माझे वडील दरवर्षी असत. पूजेत त्यांना रस नव्हता, पण ढकलायला माणूस कमी पडतोय म्हटल्यावर त्यांना वर बसवत नसे. ढकलून झालं की हात झटकत ते म्हणायचे, "हार घालून इंजिन चालत नाही. तेलपाणी बघा वेळच्या वेळी, तीच पूजा." हे वाक्य आईला इतकं पाठ झालं होतं की गॅलरीतून खाली बघत ती ते त्यांच्याबरोबर ओठ हलवून म्हणायची.

बिल्डिंग कल्याणहून मोहन्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर होती. बहुतेक घरं कारखान्यांत आणि बस डेपोत काम करणाऱ्यांची, काही कोकणातली, काही देशावरची, आणि दोन घरं आम्हां बौद्धांची. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारांची पूजा नसे. पांढरे कपडे इस्त्री होत, दुपारी खीर-पुरी, संध्याकाळी विहारात वंदना आणि त्यानंतर भाषणं. भाषणांबद्दल माझं मत सेक्रेटरींच्या मोटारीबद्दलच्या मतापेक्षा फार वेगळं नव्हतं. प्रमुख पाहुणे दोन तास उशिरा यायचे आणि उशिराबद्दल अर्धा तास बोलायचे. दिमाख ही कुठल्या एका समाजाची मक्तेदारी नाही हे मला फार लवकर कळलं, आणि त्याचा पुढच्या आयुष्यात उपयोग झाला.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. मोहन्याजवळच्या एका कारखान्यात ते सव्वीस वर्षं फिटर होते. मी सांगतेय त्या वर्षी शिमग्याच्या सुमाराला त्या कारखान्याला टाळं लागलं. पहिल्या आठवड्यात सगळे कामगार रोज गेटवर जात, मग एक दिवसाआड, मग कोणी बोलावलं तर. दादांचे पाने, हातोड्या, कानसी, सगळं आतल्या लॉकरमध्ये राहिलं होतं. त्यावर नाव कारखान्याचं असलं तरी मुठी त्यांच्या हाताने झिजलेल्या होत्या. घरी उरली होती पत्र्याची एक छोटी पेटी, आणि तिच्यात एक स्क्रू-ड्रायव्हर, एक पक्कड आणि बरेचसे खिळे. दादा सकाळी दाढी करून, पँट-शर्ट घालून गॅलरीतल्या खुर्चीत बसायचे. जेवणाची वेळ झाली की उठायचे, जेवून परत बसायचे. आत आईचं शिलाई मशीन चालायचं, साड्यांना फॉल-पिको करण्याचं काम तिने घेतलं होतं. त्या मशीनचा आवाज थोडा जरी बदलला तरी दादा खुर्चीतून म्हणायचे, "तेल मागतंय." आई म्हणायची, "मागू दे." घरात कोणी भांडत नव्हतं. सगळे नुसते दमलेले होते. न केलेल्या कामाचा शीण केलेल्या कामाच्या शिणापेक्षा जड असतो. तो उतरवायला झोप चालत नाही.

गणपती झाले आणि एक काम आलं. ठाण्याला नौपाड्यात रक्त तपासणारी एक लॅब होती. तिला डोंबिवली-कल्याणच्या घराघरांतून सकाळी नमुने गोळा करून नौपाड्यात पोहोचवणारा माणूस हवा होता. नमुने घेणारी नर्स वेगळी, दादांनी फक्त खोकं न्यायचं. अट एकच, गाडी स्वतःची आणि चालू स्थितीतली. पहिला नमुना सहा वाजता डोंबिवलीत, आणि आठच्या आत खोकं नौपाड्यात. लॅबच्या माणसाने स्पष्ट सांगितलं होतं, "पहिल्या दिवशी उशीर झाला तर दुसऱ्या दिवशी यायचे कष्ट घेऊ नका." कामाचा पहिला दिवस ठरला तो दसऱ्याचा दुसरा दिवस.

गाडी मामाने दिली. मोटरसायकल, काळी, पेट्रोलच्या टाकीवर पोचा. मामाने ती आणून उभी केली आणि सीटवर थाप मारून म्हणाला, "भावजी, इंजिन म्हणजे लोणी आहे लोणी." दादांनी ती चालू केली. स्टीलच्या डब्यात गोट्या खळखळाव्यात तसा आवाज आला. त्यांनी ती बंद केली, ऑइल मोजायची काडी बाहेर काढली, दोन बोटांत चोळली, हुंगली.

"हे ऑइल नाही," ते म्हणाले. "काजळ आहे. मेहुण्यांनी गाडी घेतल्यापासून बदललेलं दिसत नाही."

"सणाच्या तोंडावर माझ्या भावाचं काही काढू नका," आई म्हणाली.

"मी भावाचं काढत नाही. इंजिनाचं काढतोय."

कल्याण स्टेशनजवळच्या दुकानातून त्यांनी ऑइलचा डबा आणला. नाक्यावरचा मेकॅनिक म्हणाला होता, सकाळी आणा, अर्ध्या तासाचं काम आहे. तो बोलला तेव्हा त्याच्याही लक्षात नव्हतं आणि दादांच्याही, की ती सकाळ दसऱ्याची आहे. सकाळी दादा आणि मी गाडी ढकलत नेली तर शटर अर्धं खाली. आत पाटावर लाल कापड अंथरून सगळे पाने ओळीने मांडलेले, वर झेंडू, हळदकुंकू, उदबत्ती. मेकॅनिक नवा शर्ट घालून बसला होता.

"गायकवाडसाहेब, आज औजार पूजेला बसलंय. हात नाही लावता येत. उद्या दहाला या."

"उद्या सहाला मला डोंबिवलीत पोचायचंय."

"मग असंच चालवा ना एक दिवस. काय नाय होत."

दादांनी त्याच्याकडे बघितलं. इंजिनाच्या बाबतीत काय नाय होत असं म्हणणाऱ्या माणसाशी ते पुढे बोलत नसत. वाटेत मला म्हणाले, "घरीच करू."

"दादा, येतं तुम्हाला?"

"सूत कातायचं मशीन आपल्या बिल्डिंगएवढं असतं, सुजा. त्याचं ऑइल मी सव्वीस वर्षं बदलतोय. ही एवढीशी आहे." मग दहा पावलांनंतर, "पण ही कधी उघडली नाही. पुस्तक आहे ना तिचं?"

पुस्तक होतं. सीटखालच्या कप्प्यात, इंग्रजी, कोपरे कुरतडलेलं. दादा सातवीपर्यंत मराठीत शिकलेले आणि मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. म्हणून ठरलं की मी वाचायचं आणि मराठीत सांगायचं, त्यांनी करायचं. माझ्या वाचनाचा घरात झालेला हा पहिला उपयोग. त्याआधी मी पुस्तक घेऊन बसले की आई म्हणायची, संपलं की सांग, म्हणजे भांडी घासता येतील.

आता हवा होता पाना. पुस्तकात लिहिलं होतं, खालचा बोल्ट सतरा नंबरचा. आमच्या मजल्यावर समोरच सावंतकाका राहायचे. बस डेपोत मेकॅनिक, मूळचे मालवणकडचे, दादांचे रोजचे पत्त्यांतले भिडू. त्यांच्याकडे सगळे नंबर होते, पण तेही सकाळपासून देवघराखाली पाटावर होते. दादा दारात उभे राहिले. आत जाऊन मागायचा त्यांना संकोच वाटत होता, हे मला त्यांच्या चपलांवरून कळलं. त्या त्यांनी काढल्या नव्हत्या.

"सतरा नंबर आहे का रे सावंत?"

"आहे. देवीच्या पायाशी आहे."

"मग राहू दे."

"राहू दे काय राहू दे? उद्या जायचंय ना तुला?"

आतून सावंतकाकू आल्या, हाताला पीठ. "अहो, आजच्या दिवशी हत्यार उचलायचं नसतं. भाऊजी, तुमचं अडलंय ते कळतं मला, पण वर्षाचा सण आहे."

"बरोबर आहे वहिनी," दादा म्हणाले आणि वळले.

सावंतकाका पाटापाशी बसले. मग झेंडूची फुलं बाजूला सारून त्यांनी एक पाना उचलला, कपाळाला लावला आणि देवीच्या तसबिरीकडे बघून म्हणाले, "एकच बोल्ट आहे गं आई. तासाभरात परत ठेवतो."

"आता तिला मी काय सांगू?" काकू.

"सांग, गायकवाड घेऊन गेला. तसाही तो तिला घाबरत नाही."

काकू हसल्या नाहीत, पण अडवलंही नाही. जाताना म्हणाल्या, "काम झाल्यावर धुऊन द्या हो." पाना बसच्या कामाचा होता, चांगला हातभर लांब. त्याच्या दोन्ही टोकांना कुंकू लागलेलं. दादांनी ते पुसलं नाही, पाना मधोमध धरला. माझ्या वडिलांची श्रद्धा कशाकशावर नव्हती याची यादी मोठी आहे, पण दुसऱ्याचं कुंकू त्यांनी कधी पुसलं नाही.

बिल्डिंगच्या जिन्याखाली गाडी उभी केली. तुपाचा जुना पत्र्याचा डबा आडवा कापून खाली ठेवला. दादांनी जुनी बनियन घातली, इस्त्रीचा पांढरा शर्ट वर दाराच्या खुंटीला होता. वरून पुऱ्यांचा वास येत होता, एका बाजूच्या लाउडस्पीकरवर आरती आणि दुसऱ्या बाजूने विहाराच्या माइकवर कोणीतरी "हॅलो, हॅलो, चेक" म्हणत होतं. मी पायरीवर बसले.

"वाच."

"इंजिन तीन मिनिटं चालू ठेवा, म्हणजे ऑइल पातळ होतं."

त्यांनी चालू केलं. गोट्या खळखळल्या. बंद केलं.

"पुढचं वाच."

"काडी काढून ठेवा. मग खालचा बोल्ट सोडवा. ऑइल गरम असतं, सांभाळा."

बोल्ट हलला तसं ऑइल धारेने खाली आलं. इतकं काळं की त्यात जिन्याचा बल्ब दिसत होता. दादा उकिडवे बसून त्या धारेकडे बघत होते. धारेची दोरी झाली, दोरीचे थेंब झाले, थेंबांमधलं अंतर वाढत गेलं. किती महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं होतं. तळहाताच्या रेघांत काळं ऑइल गेलं होतं आणि तो हात मला एकदम ओळखीचा वाटला. कारखाना चालू असताना जेवायला बसायचा तो हात.

"पुढचं वाच."

"बोल्ट स्वच्छ पुसा. वायसर तपासा. परत बसवा."

बोल्ट त्यांनी आधी बोटांनी फिरवला, शेवटपर्यंत, मगच पाना लावला. पाना मुठीत न धरता तीन बोटांनी धरला. मला म्हणाले, "बघ, इंजिनाचं हे अंग बिडाचं नाही, अ‍ॅल्युमिनियम आहे. बोल्ट लोखंडाचा. दोघांत भांडण लागलं तर अ‍ॅल्युमिनियम हरतं. आणि हा पाना बसचा, लांब. म्हणून हात हलका." थोडा दाब दिला, थांबले. "बास. इथे तो स्वतः सांगतो बास म्हणून." मग आजूबाजूला बघितलं. "खडू आहे का?"

खडू नव्हता. त्यांची नजर माझ्या नखांवर गेली. महिनाभरापूर्वी मैत्रिणीने दिलेली लाल नेलपॉलिश मी सणाची म्हणून लावली होती आणि सकाळपासून बोटं मिटून फिरत होते, कारण असल्या रंगरंगोटीबद्दल त्यांचं मत मला माहीत होतं. "ती आण," ते म्हणाले. मी बाटली आणली. त्यांनी तिच्या ब्रशने बोल्टच्या डोक्यापासून बाजूच्या इंजिनावर जाईल अशी एक सरळ, बारीक रेघ ओढली. फुंकर मारून वाळवली. मी काही विचारलं नाही. मला वाटलं, कारखान्यातली सवय असेल, सही करतात तशी. शिवाय नेलपॉलिशवरून बोलणी बसली नाहीत याच आनंदात मी होते.

तेवढ्यात सेक्रेटरींची हाक आली. मोटार ढकलायची होती. दादा हात पुसत उठले. "आलोच. तोवर पुढचं वाचून ठेव."

मी पुढचं वाचलं. पुढच्या पानावर एक चौकोन होता, त्यात उद्गारचिन्ह आणि ठळक अक्षरांत इशारा. बोल्ट सैल राहिला तर ऑइल गळून जातं आणि चालत्या गाडीचं इंजिन जाम होतं. मी तो चौकोन तीनदा वाचला. दादांनी नुसती तीन बोटं लावली होती. मला मुंब्र्याच्या रस्त्यावर बंद पडलेली गाडी दिसली, शेजारी खोकं घेऊन उभे असलेले दादा दिसले, आठ वाजून गेलेले दिसले, आणि मग परत गॅलरीतली ती खुर्ची दिसली. छापलेल्या अक्षरांवर माझा तेव्हा फार विश्वास होता. आजही ती खोड पूर्ण गेलेली नाही, पण तेव्हा तिची किंमत मला अजून मोजावी लागली नव्हती.

मी पाना लावला, टोकाला दोन्ही हातांनी धरला आणि ओढला.

आधी तो हललाच नाही. मग हलला, घट्ट, कुरकुरत. मला बरं वाटलं. मी आणखी ओढला. आणि एकदम तो हलका झाला. शर्टाचं बटण धाग्यावरून सुटावं तसा. माझ्या मनगटात जे काही घट्ट होतं ते लोण्यासारखं झालं. मी पाना काढून होता तसा ठेवला, पायरीवर जाऊन बसले आणि पुस्तक उघडलं. अक्षरं दिसत नव्हती. बाहेर टाळ्या वाजल्या. मोटार लिंबावरून गेली होती.

दादा आले, बरोबर सावंतकाका आणि आणखी दोघं-तिघं, हातात आपट्याची पानं. गायकवाड घरी ऑइल बदलतोय ही बातमी मोटारीपेक्षा जास्त रंजक निघाली होती. "बघू तर तुझी पूजा," काका म्हणाले. दादांनी डबा उघडला, नवं ऑइल ओतलं, मधासारखं. गाडी चालू केली. गोट्या गेल्या होत्या. इंजिन एका लयीत बोलत होतं. कोणीतरी "वा" म्हणालं आणि दादा चक्क लाजले.

मग सावंतकाका खाली वाकले. "गायकवाड, थेंब रे."

दादांनी गाडी बंद केली. फरशीवर आडवे झाले, बॅटरी मागितली, मी दिली. त्यांचं डोकं इंजिनाखाली होतं, मला फक्त पाय दिसत होते. त्यांनी बोल्टला बोट लावलं असेल, तो गरकन फिरला असेल. मी सांगायला हवं होतं. तोंड उघडायला फार मोठी जागा लागत नाही. पण त्या चार माणसांपुढे मला ती मिळाली नाही. आणि मी स्वतःला सांगितलं की एकटे असताना सांगेन.

ते बराच वेळ तसेच पडून राहिले. मग खालूनच म्हणाले, "आटे गेले. माझाच हात जड पडला. कारखान्याची सवय."

"अरे, सव्वीस वर्षं फिटर आणि बोल्टाने दगा दिला?" कोणीतरी हसलं. "आम्हाला सांगतो तेलपाणी बघा!"

"बसचा पाना होता ना," सावंतकाका घाईने म्हणाले. "माझीच चूक. छोटा द्यायला हवा होता."

"सांगत होते मी, आज हत्यार उचलू नका," वरच्या जिन्यातून सावंतकाकू म्हणाल्या. हे मात्र कोणालाच खोडता आलं नाही.

माणसं पांगली. दादा गाडीखालून बाहेर आले, बसले, हात गुडघ्यांवर टेकवले. माझ्याकडे बघितलं. रागावले नव्हते. फार थकलेले दिसत होते, आणि त्याहून वेगळं काहीतरी होतं जे मला तेव्हा वाचता आलं नाही.

"पुढचं वाच," ते म्हणाले.

"पुढे काही नाही दादा. संपलं."

"मग पुस्तक मिटव. आईकडून जाड सूत आण. आणि पातेलं माग, स्वच्छ."

आईने पातेलं दिलं नाही. तिने कणकेची परात रिकामी केली, पुसली आणि माझ्या हातात ठेवली. सकाळीच तिने बजावलं होतं की स्वयंपाकघरातल्या भांड्याला हात लावाल तर बघा. नवं ऑइल त्या परातीत उतरलं. सावंतकाकांनी नळाच्या कामाचा सफेदा शोधून आणला. दादांनी बोल्टवर आट्यांच्या दिशेने सुताचे वेढे घातले, वर सफेदा चोळला आणि तो बोटांनी, फक्त बोटांनी, आत बसवत गेले. निम्मे आटे शिल्लक होते. वाळेपर्यंत संध्याकाळ झाली. विहारातली वंदना ऐकू आली, मग भाषणं ऐकू आली. पांढरा शर्ट खुंटीलाच राहिला. विहारात आईही गेली नाही, मीही गेले नाही, आणि खीर आम्ही तिघांनी जिन्याखाली बसून खाल्ली, गाडीकडे बघत, आजारी माणसाशेजारी बसतात तसं. ऑइल फडक्यातून गाळून परत भरलं. दादांनी नेलपॉलिशची बाटली माझ्या हातात परत दिली.

"रेघ नाही ओढायची?" मी विचारलं.

"आता गरज नाही. आता रोज बघावंच लागणार."

सकाळी साडेपाचला ते गेले, तो पांढरा शर्ट घालून. मी जिन्याखाली उतरले. फरशीवर रुपयाएवढा एक डाग होता. मी तो पायपुसण्याने पुसला आणि आईला सांगितलं, एक थेंबही नाही. पावणेनऊला सावंतकाकांच्या घरी फोन आला. पोचलो, सात चाळीसला. सावंतकाकूंनी ते आम्हाला सांगितलं आणि आत जाऊन देवीला नमस्कार केला. मला वाटतं, दोघींचं त्या पान्याबद्दल मिटलं असावं.

ते काम दादांनी नऊ वर्षं केलं. शीळफाटा, मुंब्रा, कळवा, नौपाडा. सुताच्या वेढ्यांनी चार महिने काढले, मग एका मेकॅनिकने भोक मोठं करून जाड बोल्ट बसवला. पण बिल्डिंगमध्ये ती गोष्ट टिकली. दर दसऱ्याला कोणी ना कोणी म्हणायचं, "गायकवाड, यंदा ऑइल बदलतोयस का? ॲम्ब्युलन्स सांगून ठेवू?" दादा हसायचे. तेलपाण्याचं ते वाक्य मात्र त्यांनी परत कधी म्हटलं नाही. आईचे ओठ त्या जागी येऊन थांबायचे. कधी कधी ते गॅलरीत बसून उजव्या हाताची बोटं उघडमीट करायचे आणि मला वाटायचं, आपल्या हाताला विचारतायत, तू असं कसं केलंस. एकटे असताना सांगेन असं मी ठरवलं होतं. नंतरच्या नऊ वर्षांत आणि त्यापुढच्या वीस वर्षांत आम्ही कितीतरी वेळा एकटे होतो.

दादा गेल्यावर पत्र्याची पेटी माझ्या वाट्याला आली. तिच्यात पक्कड होती, स्क्रू-ड्रायव्हर होता, आणि कागदात गुंडाळलेला तो जुना बोल्ट होता. आटे चपटे झालेले, डोक्यावर लाल रंगाचा लहानसा फराटा. मी तो माझ्या टेबलावर ठेवला. कागद उडू नयेत म्हणून तो चांगला आहे, आणि मला विसर पडू नये म्हणूनही. ज्या माणसाने स्वतःची फजिती जपून ठेवली तो माणूस माझ्यापेक्षा मोठ्या मनाचा, असं मी इतकी वर्षं समजत होते.

मी आता ठाण्यात राहते. गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीत पाण्याचा नवा पंप बसला आणि त्याचं उद्घाटन झालं. आमच्याकडे झाडूची खरेदीही उद्घाटनाशिवाय होत नाही. निवृत्त ग्रंथपाल आणि ज्येष्ठ सभासद म्हणून फीत कापायचं माझ्यावर आलं. अध्यक्ष अजून कोट शोधत होते. मी कात्री घेऊन पंपाच्या खोलीत उभी होते, आणि पंप बसवणारा माणूस शेवटचे नट आवळत होता. एक नट आवळला की खिशातून पिवळं पेन काढायचा आणि नटावरून खालच्या पत्र्यावर जाईल अशी एक रेघ मारायचा. सरळ, बारीक.

"ही कशाला हो?" मी विचारलं.

"खूण, मॅडम. आपण टाइट केला तेव्हा कुठे होता ते कळायला." त्याने मान वर केली नाही. "नंतर येऊन बघायचं. रेघ सरळ असेल तर कोणी हात नाही लावला. तुटलेली दिसली, नटावरची एकीकडे नि पत्र्यावरची एकीकडे, तर समजायचं, आपल्यामागे कोणीतरी फिरवलाय. जुने फिटर लोक सगळे करतात."

अध्यक्ष आले. फीत कापली. काहीजण टाळ्या वाजवत होते. मला बोलायला सांगितलं, मी बोलले नाही, आणि ते नम्रतेत जमा झालं.

घरी येऊन मी बोल्ट खिडकीपाशी नेला. डोक्यावरची लाल खूण कडेपर्यंत जाते आणि तिथे सपकन तुटते. उरलेली अर्धी रेघ गाडीच्या इंजिनावर राहिली होती. त्या दुपारी हे दोन्ही तुकडे, एकमेकांपासून सरकलेले, दादांच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावर होते, बॅटरीच्या उजेडात. ते गाडीखाली बराच वेळ पडून राहिले होते. बाहेर चार माणसं उभी होती आणि जिन्याच्या पायरीवर मी, मांडीवर पुस्तक घेऊन. मग त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात आपला हात जड असल्याचं सांगितलं, बाहेर आले, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, पुढचं वाच.